मदत हवी आहे: तारेतल्या चुकीची भरपाई कुणाला मिळाली होती का?

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडचे, घरचा आंब्याचा व्यवसाय. आजोबांच्या ट्रंकेत एक जुनी तार सापडली. कागद घडीवर फाटलाय, पण निळ्या शाईतलं 'सेव्हन्टी' स्पष्ट वाचता येतं. मुंबईच्या दलालाने 'सेव्हन्टीन' लिहून दिलं होतं. सतराच्या जागी सत्तर पेट्या गेल्या, त्यातला बराच माल सडला. आजी हे सांगताना अजूनही हळवी होते.

मी सध्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून शोधायला बसले. 1885 च्या भारतीय तार कायद्याचं कलम 9 सांगतं की संदेश घेण्यात, पाठवण्यात किंवा पोचवण्यात चूक झाली तर सरकार जबाबदार नाही. कर्मचारी मात्र निष्काळजीपणा, द्वेष किंवा लबाडी असेल तर जबाबदार! म्हणजे दावा लावायचा तो बिचाऱ्या तारबाबूवर?

अमेरिकेत तर खाजगी कंपनीही सुटली. प्रिमरोज या लोकर व्यापाऱ्याच्या तारेत 'बे' (bay) या सांकेतिक शब्दाचं 'बाय' (buy, म्हणजे 'खरेदी कर') झालं, 20,000 डॉलरहून जास्त नुकसान झालं. 1894 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने फॉर्मच्या मागची अट मान्य केली: जादा पैसे भरून तार मूळ कचेरीकडे उलट पाठवून पडताळून घेतली नसेल, तर फक्त तारेचे पैसे परत. हातात पडले 1 डॉलर 15 सेंट.

कलम 9 खाली कर्मचाऱ्यावर दावा चालल्याचा आपल्याकडचा निकाल कुणाला माहीत आहे का? आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाकडे तारेचा कोरा फॉर्म असेल, तर दोन्ही बाजूंचा फोटो टाका प्लीज. मागच्या अटी मला वाचायच्या आहेत.