पहिली गाडी कुणाची धरावी?

भावा, हेवी लायसन नुकतं हातात आलंय आणि भिवंडीची दिल्ली लाईन, म्हणजे लांब पल्ल्याची गाडी घेऊ की न्हावाशेवा बंदरातून लोकल कंटेनर, असं विचारलंयस. माझं मत, पहिलं वर्ष लोकल कर. पैसे कमी मिळतील, पण कळंबोलीच्या गर्दीत ट्रेलर रिव्हर्स लावायला शिकशील. ते हायवेवर शिकायला मिळत नाही.

हो म्हणण्याआधी शेठच्या केबिनमध्ये नको, यार्डात जा. टायरच्या नक्षीत बोट घालून बघ, झिजलीय का ते. गाडी चालू करून ब्रेकची हवा पूर्ण भरू दे, मग इंजिन बंद करून हवेचा काटा बघ, ब्रेक दाबून ठेवल्यावर तो भराभर खाली येतच राहिला तर त्या मालकाकडे थांबू नकोस. तिथल्या जुन्या ड्रायव्हरला चहा पाज आणि एवढंच विचार, भत्ता निघतानाच हातात देतात का, आणि मालात तूट आली तर कुणाच्या पगारातून कापतात?

ओव्हरलोडचं तर आधीच स्पष्ट बोलून घे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि कायदा गाडी चालवणाऱ्यालाही धरतो.

आणि उचल घेऊ नकोस. माझ्या पहिल्या मालकाने दहा हजार उचल दिली आणि ओरिजिनल लायसन कपाटात ठेवलं. ताप असतानाही रात्रीची गाडी काढावी लागायची, नाही म्हणायची सोय नव्हती. लायसनची झेरॉक्स दे, ओरिजिनल खिशातच ठेव.