ग्रामसभेला लोक येत नाहीत की येऊ दिले जात नाहीत?

शिवारवाट: 'गावकरी ग्रामसभेला फिरकत नाहीत, मग रस्ता-पाणी नाही म्हणून बोंब मारायचा त्यांना हक्क नाही', ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. आमच्या गावात सभेची नोटीस लागली ती कार्यालयातल्या फळ्यावर, आणि कार्यालयाला कुलूप! दवंडी नाही. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी ते. तेवढे जमले नाहीत, सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागतच नाही. मग ठरलेली डोकी बसली आणि घरकुलाची यादी मंजूर. शेजारची विधवा बाई कुडाच्या घरात राहते, तिचं नाव नाही, स्लॅबवाल्याचं आहे. लोक न येणं ज्यांच्या पथ्यावर पडतं, तेच लोकांना बोल लावतात.

टेबलामागून: मी ग्रामसेवक आहे. दवंडी देतो, ग्रुपवर टाकतो, तरी खुर्च्या रिकाम्या. आले की मागणी कमानीची, नाहीतर सभामंडपाची. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीतला 60 टक्के भाग बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच घालावा लागायचा. हे सांगितलं की 'ग्रामसेवकाने खाल्ले'.

शिवारवाट: सांगता कधी? आराखडा तयार झाल्यावर. आधी सांगा, मग बघा कोण येतं ते.

परळहून: कोरम भरणार कसा? आमच्या वाडीतली निम्मी नावं मुंबईत आहेत. आम्हाला व्हिडिओ कॉलवरून मत द्यायची सोय करा.

चुलीपाशी: मुळीच नको. तुम्ही शिमग्याला-गणपतीला येणार, पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, आपल्या दारापर्यंत नेणार आणि परत जाणार. एप्रिल-मेमध्ये विहीर आटते तेव्हा हंडे आम्ही वाहतो.

परळहून: घरपट्टी आम्ही वेळेवर भरतो. देवळाचा जीर्णोद्धार कोणाच्या पैशातून झाला?

चुलीपाशी: देऊळ झालं, नळ नाही झाला. कारण ठरवणारे तुम्ही.

परळहून: आम्ही परके झालो का? घर आमचं, सातबारावर नाव आमचं.

चुलीपाशी: परके नाही, पण गैरहजर आहात. आणि हजर असलेल्यांचं तरी कोण ऐकतं? ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा कायदा आहे. आमच्याकडे सभा होत नाही, रजिस्टर घरोघरी फिरतं. मी सही केली नाही, तर माझ्या नवऱ्याला बोलावून 'बायकोला समजाव' म्हणाले. ग्रामसेवक भाऊ, यावर बोला ना.

टेबलामागून: रजिस्टर फिरतं, नाकारत नाही. पण सगळीकडे नाही. आणि एकाच माणसाकडे दोन-तीन गावं दिली की असंच होणार.

शिवारवाट: म्हणजे खोट्या सह्यांना कामाचा बोजा हे कारण? कमाल आहे!

जंगलकाठ: आमच्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव बघा. सगळ्यांची सहमती झाल्याशिवाय निर्णय नाही. लोकांची इच्छा पाहिजे, बस.

शिवारवाट: नुसती इच्छा नव्हे. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, मिळाला, पुढे बांबू विकायचा अधिकार ग्रामसभेकडे आला. हातात काही असलं की माणूस मजुरी बुडवूनही येतो. आमच्याकडे सगळं आधीच ठरलेलं, आम्ही फक्त अंगठ्यापुरते.

परळहून: बरं, मत नको. निदान ऐकू तरी द्या.

चुलीपाशी: ऐका, त्याला हरकत नाही. मत मात्र समोर बसलेल्यांचंच. आणि 1 मेची सभा सकाळी दहाला ठेवू नका, तेव्हा आम्ही टँकरच्या रांगेत असतो.