सीझन चेंडूसाठी मुलाचे हेल्मेट

कोथरूडकर: माझा अकरा वर्षांचा मुलगा दिवाळीनंतर सीझन चेंडूने, म्हणजे कातडी कठीण चेंडूने, क्रिकेटचा सराव सुरू करणार आहे. वाढत्या अंगाचे म्हणून हेल्मेट थोडे मोठेच घ्यावे, असे घरातील ज्येष्ठांचे मत आहे. ते योग्य आहे का?

जुना यष्टिरक्षक: मुळीच नाही, कपड्यांचा हा न्याय येथे चालत नाही. सैल हेल्मेट चेंडू लागताच फिरते, म्हणून मुलाला टिळक रस्त्यावरच्या दुकानात सोबत न्यावे आणि पट्टा बांधून मान हलवायला सांगावी. बीएस ७९२८:२०१३ हे क्रिकेट हेल्मेटचे ब्रिटिश सुरक्षा मानक पाहावेच, शिवाय मुलांच्या चेंडूने चाचणी झाल्याचे लेबलवर आहे का, हेही वाचावे; कारण पावणेपाच औंसांचा तो चेंडू आकाराने लहान असल्याने, मोठ्यांसाठी बनवलेल्या हेल्मेटच्या जाळीच्या फटीतून आत शिरू शकतो.

सहकारनगर: मानेचे संरक्षकही जोडून घ्यावे. २०१४ साली ऑस्ट्रेलियाचे फलंदाज फिलिप ह्यूज यांना जीवघेणा चेंडू लागला तो मानेवर, हेल्मेटने न झाकलेल्या भागावर.

कोथरूडकर: आभारी आहे. धाकट्याला थोरल्याचे जुने हेल्मेट चालेल का?

जुना यष्टिरक्षक: जोराचा चेंडू लागलेला असल्यास नको, आतील तडा बाहेरून दिसतोच असे नाही.