मदत हवी आहे : मिठाच्या पोकळीतल्या हायड्रोजनवर नजर कशी ठेवतात?

एमएस्सी भूभौतिकीच्या सेमिनारसाठी इंग्लंडमधलं टीसाइड घेतलंय. तिथे १९७२ पासून मिठाच्या थरातल्या तीन पोकळ्यांत हायड्रोजन साठवतात. वायू काढला की खालून खारं पाणी सोडतात, म्हणजे दाब जवळपास तेवढाच राहतो. ही युक्ती मला फारच आवडली!

खारं पाणी घनमीटरला साधारण १२०० किलो, आणि ४५ बार दाबाचा हायड्रोजन जेमतेम ४. मग पोकळीतलं पाणी वरखाली झालेलं जमिनीवरच्या ग्रॅव्हिमीटरला (गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजणारं यंत्र) कळेल का? खोली सुमारे ३५० मीटर. सोनारने (ध्वनिलहरींनी मोजणी) पोकळीच्या भिंतींचा आकार मिळतो, पण त्यासाठी विहिरीत उपकरण सोडावं लागतं.

ग्रॅव्हिटी सर्व्हे प्रत्यक्ष केलेलं कुणी आहे का इथे? पावसाने भूजल वाढतं, त्याचा परिणाम कसा वजा करता? माझं गणित तिथेच अडलंय.