मुलगा म्हणतो झकास, आई म्हणते कसलं झकास. कुणाचं लिहायचं?

प्रश्न: नर्सिंगवाली_खानापूर
शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी दिव्यांगांच्या घरी जाऊन जागतिक आरोग्य संघटनेचा २६ प्रश्नांचा फॉर्म (डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ) भरून घेतेय. जांबोटीच्या पलीकडं एक शिंपी आहेत, लहानपणी पोलिओ झालेला. आयुष्य कसं चाललंय या पहिल्याच प्रश्नाला म्हणाले, "झकास! पाचातले पाच लिवा." मागून आई, "कसलं झकास बाई, दोन्ही पाय गेल्यात तेचे." गाईड म्हणतात, दोघांची सरासरी काढ. काय करू?

कुबडीवाला
ताई, त्यांनी पाच म्हटलं ना, मग पाच. सरासरी कसली? दोन घरचं दूध आहे काय एका कॅनमध्ये ओतायला!

मी पंचायतीत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता, स्वतः कुबड्यांवर. माझ्याकडं बघून लोक परस्पर 'अरेरे' ठरवून मोकळे होतात, मला कोण विचारत नाही. अल्ब्रेक्ट आणि डेव्हलिगर यांनी १९९९ मध्ये छापलेल्या अभ्यासात मध्यम ते गंभीर अपंगत्व असलेल्या ५४ टक्के लोकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम सांगितलंय. हा फॉर्म त्या माणसाला स्वतःला काय वाटतं तेवढंच विचारतो. आईला विचारलात तर आईची काळजी मोजून येईल.

पण झकास ऐकून पुढचे प्रश्न भराभर उरकू नका. फॉर्मचे चार भाग आहेत: शरीर, मन, सामाजिक आणि परिसर. त्यातल्या परिसराच्या भागात पैसा, दवाखाना, प्रवास आहे. बसची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते, तिथं मी कधी पाच देणार नाही. म्हणून तर चारही भागांचे गुण वेगळे ठेवायचे असतात, एकच बेरीज मारायची नसते. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांचे असतात, तेव्हा तारीख लिहा. कणकुंबीकडं जुलैच्या धो धो पावसात विचारलं तर एक आकडा, शिवजयंतीला दुसराच.

आणि मुख्य म्हणजे आई मागं उभी होती! सामाजिक भागात तीनच प्रश्न, त्यातला एक लैंगिक जीवनाचा. आईसमोर कोण खरं बोलंल हो?

आकडेमोड
गाईडना कदाचित रोजची कामं किती जमतात ते हवं असेल. त्याला व्होडास २.० ही त्याच संघटनेची दुसरी प्रश्नावली वापरा. त्यात मागचे ३० दिवस विचारतात आणि घरच्यांनी भरायचा नमुनाही वेगळा आहे. तुमच्या फॉर्मलाही दिव्यांगांसाठी जोडप्रश्न आहेत, भेदभाव आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याबद्दलचे. ते घ्याच.

नर्सिंगवाली_खानापूर
लैंगिक जीवनाचा तो प्रश्न मी लाजून गाळलाच होता. पण आई बाहेर जाईनात तर?

कुबडीवाला
दोघीजणी मिळून जा. एकीनं आईला परड्यात नेऊन भाताची लावणी कुठवर आली ते विचारत बसायचं. शिंपीबुवांना वाचता येत असेल तर कागद-पेन त्यांच्याच हातात द्या, फॉर्म मुळात स्वतः भरायचाच आहे. कपडे बेतायला वही ठेवत असतील की ते.