अनुभव धागा: पदवी पूर्ण करून परराज्यात जावे, की आधीच निघावे?

माझा भाचा विट्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्या चुलत्यांनी त्याला तमिळनाडूत सेलमच्या गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) दुकानात बोलावले आहे. घरात दोन तट पडले आहेत. सल्ला देणाऱ्यांची आमच्याकडे उणीव नाही, म्हणून येथे अनुभव मागतो आहे. आपण किंवा आपल्या घरातील कोणी सांगली-साताऱ्याकडून परराज्यात गेले असेल, तर शिक्षणाचे काय केले, निर्णय नेमका कशावर ठरला आणि पुढे कागदपत्रांचे काय झाले, एवढे लिहावे. गलाईसाठी गेलेल्यांनीच लिहावे असे नाही. सैन्य, लग्न, नोकरी, कोणतेही कारण चालेल.

खानापूर तालुका, सध्या इरोड

मी प्रथम वर्षाची परीक्षा देऊन निघालो. आमच्या भागात हा निर्णय कोणी एकटा घेत नाही. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि पलीकडे खटाव-माण या दुष्काळी तालुक्यांतील माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगली आणि ज्याचे दुकान बसले त्याने भावकीतला मुलगा बोलावून घ्यायचा, अशी रीत पडली. सराफाचे लाखोंचे सोने मुशीत पडते, तेव्हा ते ज्याच्या हाती आहे त्याचे घर-गाव माहीत असावे लागते. अनोळखी पदवीधरापेक्षा ओळखीचा बारावी पास मुलगा तिथे चालतो.

माझ्या बाबतीत निर्णय चुलत्यांनी ठरवला म्हणण्यापेक्षा टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याने ठरवला म्हणावे लागेल. पाणी शिवारात आल्यावर त्यांना गावी परतून डाळिंब लावायचे होते आणि तोवर मी काम शिकलो नसतो, तर दुकान दुसऱ्याच्या हाती गेले असते. जुन्या दागिन्यात चांदी मिसळून ते वितळवणे, नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी-तांबे विरघळवून तळाशी राहिलेले सोने धुऊन घेणे, नुसत्या नजरेने टंचाचा (सोन्याच्या शुद्धतेचा) अंदाज बांधणे, हे सारे त्यांच्या शेजारी बसूनच शिकता येण्यासारखे होते आणि ते पदवीसाठी थांबणार नव्हते.

मात्र जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, जून २०२१ पासून दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि धंद्यातील कागद वाढले. माझा धाकटा भाऊ पदवी घेऊनच इकडे आला. आज विवरणपत्रे आणि बँक तो पाहतो, भट्टी मी पाहतो. उद्या दुकान बंद पडले, तर त्याला दुसरीकडे अर्ज करता येईल, मला दुसऱ्या भट्टीवरच जावे लागेल. म्हणून मी अलीकडे इग्नूमध्ये (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) बी.कॉम.ला नाव घातले. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात मराठीतून शिकता आले असते, परंतु त्याची केंद्रे महाराष्ट्रात आहेत आणि प्रत्येक परीक्षेला गावी येणे दुकान सोडून जमत नाही. इग्नूत तीन वर्षांचा अभ्यासक्रम सहा वर्षांपर्यंत पुरवता येतो, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटली.

अपशिंगे परिसर, सातारा

पदवी आधी की बाहेर जाणे आधी, हा प्रश्न आमच्याकडे वयोमर्यादाच सोडवून टाकते. माझ्या मुलाच्या वेळी अग्निवीर भरतीसाठी साडेसतरा ते एकवीस वर्षे वय लागत होते. तृतीय वर्ष होईपर्यंत थांबला असता, तर मैदानी चाचणीसाठी एखादीच संधी उरली असती. तो दुसऱ्या वर्षात असताना भरती झाला आणि बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेला. आम्हा जुन्या सैनिकांना पेन्शनचा भरवसा होता. चार वर्षांनंतर तुकडीतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांनाच सैन्यात कायम ठेवतात, त्यामुळे पदवीचा विषय त्याच्यासाठी संपलेला नाही. अग्निवीरांसाठी इग्नूची वेगळी पदवी आहे आणि तिचे निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सेवेतील प्रशिक्षणातून मिळतात. तो त्याच मार्गाने जावा असा माझा आग्रह आहे.

तासगाव, सध्या त्रिशूर

माझे स्थळ आले तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात होते. मुलाकडच्यांचे त्रिशूरला गलाईचे दुकान, त्यामुळे लग्न झाले की लगेच केरळ, हे उघड होते. "उरलेले तिकडून कर," असे सगळे सहज म्हणत होते. बी.ए. किंवा बी.कॉम.चे ठीक आहे, ते शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातूनही करता येते. रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके मात्र प्रयोगशाळेत उभे राहूनच द्यावी लागतात, हे मी वडिलांना वेळापत्रक समोर ठेवून समजावले. सासूबाईंनी माझी बाजू घेतली. त्या स्वतः नववीतून शाळा सोडून लग्न करून गेल्या होत्या आणि आता मासळीवालीशी मल्याळममध्ये घासाघीस करतात. त्यांच्यामुळेच लग्नाची तारीख परीक्षेनंतरची निघाली.

ज्या मुली लग्नामुळे परराज्यात जाणार असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहिते, कारण या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. लग्नानंतर आधारकार्डावर नवे नाव आले आणि गुणपत्रिकांवर जुनेच राहिले, बी.एड.च्या प्रवेशावेळी दोन्ही नावांची सांगड घालण्यासाठी राजपत्रातील नावबदल आणि विवाह नोंदणीचा दाखला पुढे करावा लागला. आता मी नाव बदलूच नये असे सुचवते. दुसरे असे की आरक्षणाचा लाभ मूळ राज्याशी जोडलेला असतो, त्यामुळे महाराष्ट्रातील जात प्रमाणपत्राचा केरळ शासनाच्या नोकरीत मला उपयोग नाही. पदवी हातात नसती, तर येथे माझ्याकडे दाखवण्यासारखे काहीच उरले नसते.

जत तालुका, पूर्व भाग

आमच्या गावातून सांगलीपेक्षा विजापूर जवळ आहे आणि शाळा कन्नड माध्यमाची आहे, त्यामुळे परराज्य हा शब्द आम्हाला थोडा मोठा वाटतो. तरीही दुसऱ्या वर्षानंतर विद्यापीठ बदलताना राज्याची सीमा चांगलीच जाणवली. विषय तेच असले, तरी कोणता भाग कोणत्या सत्रात येतो हे जुळत नव्हते आणि राहिलेले पेपर तृतीय वर्षाबरोबर द्यावे लागले. एकच वर्ष उरले असेल, तर ते येथेच पूर्ण करून जावे असे मी धाकट्या बहिणीला सांगितले आणि तिने तसेच केले.

कराड, महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी केलेला

वरचे अनुभव वाचून कार्यालयाच्या बाजूने लिहितो. शिक्षण सोडून जाणारा विद्यार्थी बहुधा घाईत असतो आणि कागद मागे ठेवून जातो. हैदराबादहून किंवा सुरतेहून कैक वर्षांनी केवळ टी.सी.साठी परतलेली माणसे मी पाहिली आहेत. जुनी रजिस्टरे काढून त्यांची नोंद शोधण्यात आमची दुपार जात असे. दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचा असेल, तर महाविद्यालयाच्या टी.सी.बरोबर विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते आणि ते महाविद्यालय देत नाही, विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

ज्यांचा प्रवेश नव्या शैक्षणिक धोरणाखाली झाला आहे (संलग्न महाविद्यालयांत हे २०२४-२५ पासून आले), त्यांना पूर्वी नसलेली एक वाट मिळाली आहे. पहिले वर्ष पूर्ण करून बाहेर पडल्यास प्रमाणपत्र आणि दुसरे पूर्ण केल्यास पदविका मिळू शकते. त्यासाठी वर्षांच्या श्रेयांकांखेरीज चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते, हे मुलांच्या लक्षात राहत नाही. मिळवलेले श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. ते दुसऱ्या राज्यातील विद्यापीठ जसेच्या तसे स्वीकारेलच असे नाही, जतच्या लेखकांना जे भोगावे लागले ते नव्या पद्धतीतही घडू शकते. पण सत्र अर्ध्यावर टाकून निघालेल्याच्या खात्यात त्या सत्राचे काहीच जमा होत नाही. ज्यांना जायचेच आहे त्यांनी दिवाळीनंतर अचानक न जाता उन्हाळ्यातील परीक्षा देऊन जावे, असे मी प्रत्येक पालकाला सांगत आलो. दुकानदार चुलते चार महिने थांबतात, असा माझा अनुभव आहे.

विटा, पूर्वी विजयवाडा

मी मुले बोलावणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे वरच्या शेवटच्या वाक्याशी माझे पूर्ण जमत नाही. चार महिने आम्ही थांबतो, चार वर्षे थांबू शकत नाही. शिवाय पदवी घेऊन आलेला मुलगा पुष्कळदा भट्टीसमोर टिकत नाही. ॲसिडचा धूर आणि दिवसभराची उष्णता सोसून तो बँकेच्या परीक्षेची जाहिरातच पाहत बसतो, हे मी घरातल्याच पोरांत पाहिले. भाषेचेही तसेच आहे. सतरा-अठराव्या वर्षी आलेली पोरे वर्षभरात तेलुगूत गिऱ्हाईक सांभाळत, बावीस-तेविसाव्या वर्षी आलेल्यांना जास्त वेळ लागे.

तरी मी माझ्या पुतण्याला दुसऱ्या वर्षातून उचलले नाही. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत त्याला दुकानात बसवले, काम झेपते का ते त्याला आणि मला दोघांनाही कळले आणि तृतीय वर्षाचा निकाल लागल्यावर तो कायमचा आला. सेलमच्या चुलत्यांनी आधी हे स्पष्ट सांगावे, की ते स्वतः आणखी किती वर्षे दुकानात बसणार आहेत, आणि मुलाला पगारावर बोलावत आहेत की पुढे भागीदारी देणार आहेत. पगारावरच बोलावत असतील, तर बी.कॉम.चे उरलेले वर्ष सोडण्याइतके त्यात काही नाही.