विषय: असद राजवट बारा दिवसांत कशी कोसळली?

(रावपुरा, बडोदा येथून)

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

रविवारच्या वाचक-बैठकीत सीरियाचा विषय निघाला आणि वेळेअभावी अर्धाच राहिला. तुर्कस्तान, अमेरिका आणि इस्रायल यांनी संगनमताने सीरियाचे राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांना हटविले, असे काहींचे मत पडले. रशियाने ऐन वेळी हात वर केले, असे इतर काहींचे. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. जी राजवट २०१५ मध्ये पडता पडता सावरली, जिने डिसेंबर २०१६ मध्ये संपूर्ण अलेप्पो परत घेतले आणि जिला मे २०२३ मध्ये अरब लीगने पुन्हा आपल्यात सामावून घेतले, तिला एका पंधरवड्याच्या आत जमीनदोस्त करायला केवळ बाहेरचा धक्का पुरला असेल का? काका, आपण कुवेतमध्ये सीरियन सहकाऱ्यांबरोबर अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून आपण सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

आपली,
बैठकीची संयोजक

(दांडिया बाजार, बडोदा येथून)

चि. सौ. ताई हिस अनेक आशीर्वाद, आणि मंडळींना नमस्कार.

प्रश्न योग्य विचारलास. माझे मत आधीच सांगतो: ती राजवट डिसेंबर २०२४ मध्ये पडली, पण तिचे सैन्य त्याच्या कितीतरी आधी आतून संपले होते. मोठे घर पोकळ वासा, अशी तिची गत झाली होती.

घटनाक्रम थोडक्यात असा. २७ नोव्हेंबरला वायव्य सीरियातील इदलिबमधून हयात तहरीर अल-शाम या इस्लामी बंडखोर संघटनेने आणि तिच्या सहकारी गटांनी चढाई सुरू केली, आणि तीन-चार दिवसांत जवळजवळ सगळे अलेप्पो त्यांच्या हाती आले. ५ डिसेंबरला हमा पडले, ७ तारखेच्या रात्री होम्स पडले आणि ८ तारखेच्या पहाटे राजधानी दमास्कस. हमाच्या उत्तरेला काही दिवस खरी लढाई झाली, हे मान्य केले पाहिजे. पण एरवी सैनिकांनी गणवेश उतरवून रस्त्याच्या कडेला टाकले आणि साध्या कपड्यांत घरची वाट धरली.

असे का झाले, हे पगाराकडे पाहिल्यावर कळते. २०११ च्या सुमारास एका डॉलरला ४७ सीरियन पाउंड पडत असत. २०२४ च्या अखेरीस सुमारे १५,००० पडू लागले. सक्तीने भरती केलेल्या आणि वर्षानुवर्षे सुट्टी न मिळालेल्या शिपायाचा पगार यामुळे कागदापुरताच उरला. त्यातून एक रीतच पडून गेली होती: शिपायाने अधिकाऱ्याला दरमहा पैसे चारायचे, अधिकाऱ्याने त्याला हजर दाखवायचे, आणि शिपायाने गावी जाऊन दुसरे काम करून पोट भरायचे. म्हणजे हजेरीपटावर जी पलटण पूर्ण भरलेली दिसे, तिच्यातील किती माणसे प्रत्यक्ष खंदकात आहेत हे खुद्द सेनापतीलाही सांगता आले नसते. असद यांनी ४ डिसेंबरला सैनिकांचा पगार पन्नास टक्क्यांनी वाढविण्याचा हुकूम काढला, आणि दुसऱ्याच दिवशी हमा गेले. बुडत्या राजवटीचे याहून नेमके चित्र मला दुसरे सापडत नाही.

आता बाहेरच्या शक्तींविषयी. गेली काही वर्षे या सैन्याची जागा प्रत्यक्षात रशियाची विमाने, इराणचे सल्लागार आणि लेबनॉनमधील सशस्त्र संघटना हिजबुल्ला हिचे लढवय्ये भरून काढत होते. रशिया २०२२ पासून युक्रेनमध्ये गुंतला होता. हिजबुल्लाचे नेते हसन नसरल्ला सप्टेंबर २०२४ मध्ये मारले गेले, आणि लेबनॉनमध्ये इस्रायल आणि हिजबुल्ला यांच्यातील युद्धविराम लागू झाला तो नेमका २७ नोव्हेंबरलाच. तुर्कस्तानच्या पाठबळाशिवाय हे बंडखोर इतकी वर्षे इदलिबमध्ये तग धरू शकले नसते, हेही खरे. तरीही कुबड्या काढून घेतल्यावर जो उभा राहू शकत नाही, त्याच्या पायांत काय उरले होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

शेवटच्या रात्रीची हकीकत सांगण्यासारखी आहे. पंतप्रधान मोहम्मद गाझी अल-जलाली यांनी असद यांना फोनवरून परिस्थिती कळविली तेव्हा ‘उद्या पाहू’ अशा अर्थाचेच उत्तर मिळाले, असे त्यांनी नंतर सांगितले. पंतप्रधान घरीच थांबले आणि कारभार सुपूर्द करण्यास तयार असल्याचे त्यांनी जाहीर केले. असद मात्र मॉस्कोला निघून गेले. वडील हाफिज यांनी १९७० मध्ये बळकावलेली सत्ता मुलाने आपल्याच पंतप्रधानाला न कळविता सोडली.

माझा कुवेतमधील एक सहकारी हमाचा होता. १९८२ मध्ये हाफिज यांच्या फौजांनी त्या शहरात हजारो माणसे मारली, तेव्हा तो शाळकरी मुलगा होता. घरी फोन लावला की हवापाणी, लग्ने आणि टोमॅटोचा भाव एवढेच विषय तो बोलत असे. राष्ट्राध्यक्षांचा उल्लेख करायचा झाला, तर बंद खोलीतही तोंडाने नाव न घेता भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवी. असा धाक पन्नास वर्षे माणसांना गप्प ठेवू शकला, पण त्यांच्यापैकी कोणाला त्या राजवटीसाठी जीव द्यायला तो उभे करू शकला नाही.

आपला,
काका

(मांजलपूर, बडोदा येथून)

आदरणीय काका आणि सर्व सभासद, सादर नमस्कार.

काकांचे विवेचन मला पटले. त्यात दोन गोष्टींची भर घालावीशी वाटते, कारण राजवट पडण्याची कथा आपण ८ डिसेंबरला थांबवतो आणि तेथील लोकांना तसे थांबता येत नाही.

पहिली गोष्ट अशी की, हयात तहरीर अल-शामचे नेते अहमद अल-शरा जानेवारी २०२५ च्या अखेरीस अंतरिम राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढच्या मार्चमध्येच किनारपट्टीवर असद ज्या समाजाचे, त्या अलवी समाजातील शेकडो नागरिकांची हत्या झाली. जुलैमध्ये दक्षिणेतील स्वैदा येथे द्रूझ या दुसऱ्या अल्पसंख्य समाजाच्या वाट्याला तेच आले. असद यांच्या पतनाचा आनंद मानणाऱ्या प्रत्येकाने याचाही तितक्याच स्पष्टपणे निषेध केला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट बेपत्ता माणसांची. असद राजवटीच्या कुप्रसिद्ध सैदनाया तुरुंगाची दारे उघडल्याचे कळताच हजारो कुटुंबे तेथे धावली. जमिनीखाली गुप्त कोठड्या आहेत, अशी वदंता असल्यामुळे स्वयंसेवकांनी भिंती आणि फरशा फोडून शोध घेतला, पण तशा कोठड्या सापडल्या नाहीत. त्याच गर्दीत तुरुंगाच्या नोंदवह्या आणि सुटे कागद पायांखाली तुडवले गेले. नातलग मोबाइलच्या उजेडात त्यांत आपल्या माणसाचे नाव शोधत होते. बेपत्ता झालेल्यांची संख्या एक लाखाहून अधिक मानली जाते, आणि त्यांचा माग काढण्यासाठी तो प्रत्येक कागद पुरावा ठरला असता. मे २०२५ मध्ये नव्या सरकारने बेपत्ता व्यक्तींसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आहे. पुढील बैठकीत आपण केवळ या आयोगाच्या कामाचीच चर्चा करावी, अशी मी सूचना मांडते.

आपली नम्र,
मांजलपूर शाखेची एक सभासद